एका माणसापुरती जागा

भुईगाव, वसई
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सँड्रा,

तुझी पुस्तकं सुखरूप आहेत, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. जूनमध्ये माणिकपूरची भाड्याची खोली सोडून तू कोलकात्याला शिकवायला गेलीस आणि ही तीन खोकी माझ्या गळ्यात मारलीस. पावसाळाभर मी त्यांची काळजी केली. आपल्याकडची हवा तुला माहीत आहे. इथे भिंतीला बुरशी येते, चपलेला येते, माणूस फार वेळ बसून राहिला तर त्यालाही येईल. आता ऊन चांगलं पडायला लागलं, म्हणून ओटीसमोर खाट टाकून रोज चार-पाच पुस्तकं वाळत घालतो. एकेकाचं वजन पाट्याएवढं आहे. फोटोच छापायचे तर इतकी जड पुस्तकं कशाला काढतात, कोण जाणे.

परवा पाचूबंदरची मालू मासे घेऊन आली. खाटेवर नजर गेली आणि पाटी डोक्यावरच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, दुकान टाकलंव काय?" मी म्हटलं, पुतणीची पुस्तकं आहेत, ती सिनेमे काढते, हे बघून तिला सुचतं. मग तिने ते कोळ्यांचं पुस्तक पाहिलं, कुठल्या तरी थंड देशातल्या कोळ्यांचं. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "याच्या जाल्याला एवढं भोक, आनि यो फोटो काढून घेतोय. याची बायको काय बोलत नाय?" ओलं बोट होतं. डाग मी पुसला आहे, पण दिसतोच. रागावू नकोस.

वाळत घालता घालता मीही बघायला लागलो. उभी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, त्यामुळे चित्र समोर आलं की मान वळवता येत नाही. एक तक्रार आहे. बऱ्याच पुस्तकांत एका बाजूला फोटो आणि दुसरं पान कोरं करकरीत. इतका महागडा कागद, आणि निम्मा वाया! मी शाळेत पोरांना पाठपोट काढायला लावत होतो.

दोन तारखेला सर्व आत्म्यांचा दिवस झाला. तुझ्या काकीच्या, डेल्फिनच्या कबरीवर फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. समुद्राचं वारं होतं, त्या राहिनात. तुझे पप्पा मर्विन आणि आई प्रिन्सी आले होते. ते रिक्षाने माणिकपूरला परत गेले, मी घरी आलो. मला ऐकू येत नाही ही गोष्ट वेगळी, आणि घरात कोणी बोललंच नाही ही वेगळी. आताशा मला दोन्हींतला फरक कळायला लागला आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू खोकतेस एवढंच मला कळतं आणि मग मी काळजी करत बसतो. पत्र लिही.

तुझा,
प्लासिडकाका


कोलकाता
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय काका,

मालूच्या बोटाचा डाग राहू द्या. त्या पुस्तकाला इतकी वर्षं कुठल्या कोळणीने हात लावला नव्हता, आता लागला.

कोऱ्या पानांची तक्रार वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. काका, तो कागद वाया जात नाही. माझं सगळं काम त्या पानांवर चालतं. मी सिनेमे बघून सिनेमे करत नाही. नवी फिल्म करायची असली की त्या खोक्यांतलं एकच पुस्तक निवडते आणि ते संपूर्ण वर्ष टेबलावर उघडं ठेवते. पान उलटताना माझा हात एखाद्या फोटोवर किती रेंगाळला ते बघते. जितका रेंगाळला तितका माझा शॉट लांब. आणि दोन फोटोंमध्ये कोरं पान आलं की डोळा थांबतो, आधीचं चित्र जरा मुरतं. मी एडिटिंगमध्ये तेच करते. गोदीवरची माझी पहिली फिल्म आठवते ना, जिच्यात मधेमधे पडदा काळा व्हायचा आणि तुम्ही म्हणालात, लाईट गेली काय? ती लाईट नव्हती गेली.

आता मात्र मी अडकले आहे. इथली एक संस्था वीस मिनिटांच्या फिल्मला मदत देते. मी आपल्या भुईगाववर करते म्हणून सांगून बसले आहे. डिसेंबर संपायच्या आत त्यांना काहीतरी ठोस दाखवायचं आहे, नाहीतर ते दुसऱ्या कोणाला देतील. उन्हाळ्यात जे चित्रित केलं ते रोज बघते. केळीची वाडी आहे, चर्च आहे, किनारा आहे, बावखलाच्या पाण्यात पडलेलं आभाळ आहे. सगळं सुंदर आहे आणि कोणाचंही आहे. ते मी काढलंय असं वाटतच नाही. मला स्वतःच्या गावाकडे बघता येत नसेल तर मी या मुलांना काय शिकवते, असं रोज वर्गात जाताना मनात येतं.

एक मदत करा. घरातले जुने फोटो पाठवा. छान छान नकोत. कपाटाच्या तळाशी असतात तसे पाठवा. मी जपून परत करीन.

इथे मला चार भिंतींची एक खोली दिली आहे. बंगाली अजून येत नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते, शेजारच्या बाकावरच्या बाई हसतात, मी हसते, आणि आठवड्यातलं माझं संभाषण तिथे संपतं.

पुस्तकं तुम्ही रायनच्या खोलीत ठेवली आहेत ना? तुमचा लेक न्यूझीलंडहून नाताळला येणार असेल तर सांगा, मी पप्पांना खोकी हलवायला सांगते. उगाच त्याची अडचण नको.

तुमची,
सँड्रा


भुईगाव
४ डिसेंबर २०२४

प्रिय सँड्रा,

पुस्तकं आहेत तिथेच राहू देत. कोणाची अडचण होत नाही.

तुझा हात रेंगाळण्याचा प्रयोग मी करून पाहिला. एक पुस्तक आहे ज्यात नुसत्या खाटा आहेत. माणसं उठून गेलेली, चादर विस्कटलेली, उशीला डोक्याचा खळगा. आधी वाटलं, या बाईला फोटो काढायला माणसं मिळाली नाहीत की काय. पण एका खाटेवर हात ठेवला तो तसाच राहिला. चहा गार झाला, वर साय धरली, ती काढून टाकायचीही शुद्ध नव्हती. म्हणजे तुझ्या हिशेबाने हा शॉट फारच लांब झाला, प्रेक्षक उठून गेले असते.

आमची खाट मी अजून दोघांची म्हणूनच झोपायला वापरतो. भिंतीकडची बाजू तिची. तिकडे सरकत नाही. सवय आहे, दुसरं काही नाही.

फोटो पाठवतो आहे. विहीर खणली तेव्हाचा आहे, शाळेतल्या प्रदर्शनाचा आहे, मर्विन आणि मी वाडीत केळीच्या घडाला लटकलो आहोत तोही आहे. सगळ्यांत खाली एका वेगळ्या पाकिटात डेल्फिनचा आहे, ती निघाली तेव्हाचा, मे २०२१. तू त्या वेळी पुण्यात अडकली होतीस, गाड्या बंद होत्या, म्हणून तुझ्या पाहण्यात नसेल. खरं तर तो कोणाच्याच पाहण्यात नाही. मी भिंतीवर लावला नाही.

तो नीट बघ. माझ्या घरात बघणारी माणसं उरलेली नाहीत, आणि तू तर त्याचंच शिक्षण घेतलं आहेस. काय दिसतं ते मला लिही. मी वाट बघतो.

तुझा,
प्लासिडकाका


कोलकाता
१७ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

काय लिहू! काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. जगभरची पुस्तकं गोळा करत फिरले आणि मला हवा तो फोटो भुईगावात तुमच्या कपाटात पडून होता.

डेल्फिनकाकींचा फोटो टेबलावर ठेवला आणि बाकीची पाकिटं उघडायचं विसरून गेले. आपल्याकडचे असे फोटो मी लहानपणापासून पाहिलेत. शवपेटी घराबाहेर निघण्याआधी सगळे तिच्यामागे ओळीने उभे राहतात आणि लग्नातल्यासारखा ग्रुप फोटो निघतो. माझ्या इथल्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. पण असा फोटो मी कधीच पाहिला नव्हता. ओटीवर आडवी उघडी पेटी, फुलांत काकी. मागे डावीकडून आई, पप्पा, मग एकदम मोकळी जागा, आणि मग तुम्ही, तुमच्या शेजारी काकींची बहीण मर्लिनमावशी. त्या मोकळ्या जागेतून मागची भिंत दिसते, चुन्याचा पोपडा उडालेली. सगळी नजर तिथे जाऊन थांबते. काका, हेच ते कोरं पान! पुस्तकात ते वेगळं छापावं लागतं, इथे ते माणसांच्या ओळीतच आहे.

कोरोनातला अंतर ठेवायचा नियम किती निष्ठुर होता. दुःखात खांद्याला खांदा लावायची सोय नव्हती. आणि त्या नियमातूनच हे असं सुंदर काहीतरी घडलं. फोटोग्राफर कोण होता? त्याला चौकट कळते. त्याने माणसं जवळ घ्यायचा मोह टाळला.

मी त्याच दिवशी फोटो संस्थेला पाठवला. काका, त्यांनी फिल्म मंजूर केली! म्हणाले, हा फोटो म्हणजेच फिल्म आहे. शेवटी तोच दाखवायचा असं ठरलं आहे. आणि मला आणखी एक सुचलंय. जानेवारीच्या शेवटी मी येते. त्याच ओटीवर, त्याच जागी, तेवढंच अंतर ठेवून तुम्ही सगळे पुन्हा उभे राहाल का? पेटीच्या जागी अर्थात बाक ठेवू. मी काही बोलणार नाही, नुसता कॅमेरा लावीन. त्या मोकळ्या जागेवर मला खूप वेळ थांबायचं आहे.

नाताळला इथेच आहे. केक विकत आणला, एक तुकडा शेजारच्या बाईंना दिला, बाकीचा माझाच. पण या वर्षी ते तितकं लागणार नाही, कारण हातात काम आहे. ते तुम्ही दिलंत. तुमचे आभार कसे मानू?

तुमची,
सँड्रा


भुईगाव
३० डिसेंबर २०२४

सँड्रा,

तुझं पत्र मिळालं. पुस्तकं वाळवून झाली, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा खोक्यांत भरली आहेत. मर्विनला सांगितलं आहे, सवडीने येऊन घेऊन जाईल.

फोटो परत पाठव. तो फिल्मला द्यायचा नाही. ओटीवर कोणी उभं राहणार नाही आणि बाकही ठेवायचा नाही.

फोटो माणिकपूरच्या फ्लॉईडने काढला. चौकटीत कसं उभं राहायचं हे त्याने ठरवलं नव्हतं.

नवीन वर्षाचे आशीर्वाद.

प्लासिड


कोलकाता
१२ जानेवारी २०२५

प्रिय काका,

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी मला रागच आला. नुसती 'प्लासिड' अशी खाली सही करून माझ्याशी कोण बोलतं? मग भीती वाटली. तुम्ही एवढं तुटक कधी लिहीत नाही.

टेबलावरची पुस्तकं खाली ठेवली. फोटो एकटाच समोर घेतला. मी किती वेळ बघायचं हे माझा हात ठरवतो म्हणून मी शेखी मिरवली होती. या वेळी हात नाही लावला, नुसती बघत बसले. आई आणि पप्पांमध्ये अंतर आहे, ते हातभर आहे. तुमच्यात आणि मर्लिनमावशीतही हातभरच. मधली जागा तेवढी नाही. ती मोठी आहे. तिथे एक माणूस मावतो आणि शिवाय दोन्हीकडे हातभर अंतर उरतं. हे मला आधी दिसायला हवं होतं, पण मला तेव्हा भिंतीचा पोपडा दिसत होता.

मग तुमचा हात दिसला. सगळ्यांनी हात पुढे बांधलेत. तुमचा डावा तसाच आहे, उजवा मात्र कोपरातून बाहेर निघालाय, बोटं अर्धी वळलेली. कोणाच्या तरी दंडाला धरलं की हात असा होतो. आणि तिथे दंड नाही.

मी पप्पांना फोन केला. विचारलं, काकींच्या फोटोत तुमच्या आणि काकांच्या मध्ये काय आहे? पप्पा म्हणाले, "तिथं रायन आहे."

काका, मला कळायला हवं होतं. आपल्या घरातले अल्बम मी पाहिलेत की. दूरदेशी असलेल्यासाठी ओळीत जागा ठेवायची, मागाहून त्याचा फोटो आला की स्टुडिओवाला तिथे चिकटवून देतो. आईपप्पांच्या लग्नात कुवेतचे मामा असेच उभे आहेत, पाय जमिनीला न टेकता, तोंडावर भलत्याच बाजूचं ऊन. आम्ही मुलं त्यांना उडते मामा म्हणायचो. हे सगळं माहीत असून मी तुमच्या मुलाच्या जागेला कोरं पान म्हटलं. त्यात मला पुन्हा कॅमेरा लावायचा होता. आणि बाक! बाकाचं आठवलं की अंगाला चटका बसतो.

खरं सांगू का, मला रायनची आठवणच झाली नाही. तो कोणत्याच कार्याला नसतो, म्हणून ओळीत तो नाही हे मला जाणवलंच नाही. तुम्ही मला नीट बघ म्हणून लिहिलं होतं. तुम्ही वाट बघत होतात आणि मी तुम्हाला फोटोग्राफरचं नाव विचारलं.

संस्थेला मी कळवलंय की फोटो मिळणार नाही. ते म्हणतात, फोटो नसेल तर फिल्म आहे कुठे? मार्चपर्यंत थांबू म्हणाले. नाही झाली तर नाही. फोटो सोबत परत पाठवते आहे. पुस्तकं पप्पांकडे देऊ नका, काका. ती तिथे आहेत म्हणून तुमची पत्रं येतात. ती गेली तर मला कोण लिहील?

रायनचं काय झालं, हे विचारण्याचा मला हक्क नाही. तरी विचारते.

तुमची,
सँड्रा


भुईगाव
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सँड्रा,

पुस्तकं कुठे जात नाहीत. मर्विन आला होता, एक खोकं उचललं, कमरेत उसण भरली, ठेवून गेला. तुझ्या आईने मला फोनवर काहीतरी सुनावलं, ते मला सुदैवाने ऐकू आलं नाही.

रायनचं विचारलंस. सांगतो. तुझ्याशिवाय कोणी विचारलं नाही. घरचे माझ्यासमोर त्याचं नाव काढत नाहीत. माझं मन दुखेल म्हणून गप्प बसतात, आणि त्यामुळे चार वर्षांत त्या पोराचं नाव या घरात उच्चारलं गेलेलं नाही.

डेल्फिन हृदय बंद पडून गेली, सकाळी, अंगणात. विमानं बंद होती. तो येऊ शकत नव्हता आणि त्याला कोणी दोष दिला नाही, मीही नाही. शेजारची प्रियल फोन धरून उभी होती, त्यातून तो बघत होता. रेंज नव्हती. फादर प्रार्थना म्हणत होते आणि फोनवर रायनचं तोंड उघडं राहून थिजलेलं. मग फ्लॉईड फोटोसाठी पुढे आला. मी मर्विनला म्हटलं, सरक, मधे त्याला जागा कर. हात मी कसा धरला होता ते मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रात वाचलं, मग सोबतचा फोटो बघितला. तसाच आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्याला लिहिलं. काळा सूट घाल, पूर्ण उभा फोटो काढ, नजर समोर. उजेड डाव्या बाजूने घे, कारण त्या दिवशी ओटीवर उजेड डावीकडून होता. कुवेतच्या मामासारखं व्हायला नको होतं मला. माझ्या मुलाचे पाय जमिनीला टेकायला हवे होते. चित्रकला मास्तर आहे मी, दुसरं काय येतं मला?

त्याचं उत्तर आलं. "पप्पा, मी तिथे नव्हतो. मी होतो असं दाखवू नका. आईचं तोंड मी पाहिलं नाही, ते तुम्ही सूट घालून भरून काढणार का?" त्यानंतर पत्र नाही. मी दोनदा लिहिलं, तेव्हा उजेडाचं पुन्हा समजावलं. आता तू म्हणशील, काका, तुम्ही पण! पण मला तेव्हा राग आला होता आणि थोडा अजून आहे. आपल्या घराण्यात सगळेच असे चिकटवलेले आहेत. त्यात खोटं काय? माणूस मनाने तिथे असतो म्हणूनच तर जागा ठेवतात. त्याला तो खोटेपणा वाटला, मला ती जागा वाटली. दोघे आपापल्या जागी अडून बसलो.

आता पुढचं ऐक. फ्लॉईड स्टुडिओ बंद करतोय. गेल्या शनिवारी माणिकपूरला गेलो. त्याने ती फाईल इतकी वर्षं ठेवली होती, मुलाचा फोटो आला की लावून देऊ म्हणून. त्याने पाटीवर खडूने लिहून विचारलं, मी कानाचं यंत्र घरी विसरलो होतो ना. "मास्तर, जागा बुजवू?" मी मान हलवली. तुझा राग आला होता, रायनचा राग होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला होता. म्हटलं बुजव एकदाची. किती वर्षं मी त्या भिंतीच्या पोपड्याकडे बघायचं?

त्याने संगणकावर मर्विनकडची बाजू धरली आणि माझ्याकडे सरकवली. चुटकीसरशी झालं. मर्विन आणि मी खांद्याला खांदा लावून उभे. पोपडा गेला. ओळ भरली. चांगलं दिसत होतं, सँड्रा. कोणालाही वाटलं असतं, या घरातली सगळी माणसं हजर होती.

मग माझी नजर खाली गेली. पेटी आखूड झाली होती. ओळीतली जागा काढली तर पेटीतलीही तेवढी जाणारच, ती आमच्या पुढेच तर ठेवली होती. फ्लॉईडच्याही आधी लक्षात आलं नव्हतं. लहान मुलाची पेटी असते ना, तेवढी. आणि आत डेल्फिन. छातीवरची फुलं आणि लगेच पाय. मधली ती नव्हती. तुला तुझी काकी आठवते ना? माझ्यापेक्षा उंच होती. लग्नात फोटोवाल्याने तिला वाकायला सांगितलं तर म्हणाली, त्यालाच पाटावर उभा करा. ती बाई तिथे एवढीशी पडून होती.

फ्लॉईडने पाटीवर लिहिलं, थांबा, पेटी वेगळी ताणून देतो, कळणारसुद्धा नाही. मी त्याचा हात धरला. ओरडलोही असेन, कारण बाहेरचा रिक्षावाला डोकावला. परत कर म्हटलं. होतं तसं कर. त्याने केलं. मर्विन मागे गेला, पोपडा आला, मधली जागा आली, आणि डेल्फिन पुन्हा पुरी झाली. मग मी तिथल्या स्टुलावर बसून रडलो. चार वर्षांत तिच्यासाठी असा रडलो नव्हतो. फ्लॉईडने पाणी आणून दिलं.

दोन मोठ्या प्रती काढून घेतल्या. एक ओटीवर लावली आहे. मालूने पाहिली. जाताना दोन पापलेटं जास्त ठेवून गेली, मी पाच मिनिटं तिच्याशी भांडलो, पण तिने परत घेतली नाहीत. दुसरी प्रत रायनला पाठवली. सूट, उजेड, काही लिहिलं नाही. "आहे तशीच ठेवली आहे," एवढंच लिहिलं. अजून उत्तर नाही. येईल असं मी धरून चाललेलो नाही.

तुझ्या फिल्मबद्दल. फोटो सोबत ठेवला आहे, तो घे. संस्थेला कळव. आम्हाला ओटीवर उभं करू नकोस, ते जमणार नाही. फोटो सुंदर आहे असंही कोणाला सांगू नकोस, ज्याला वाटेल त्याला वाटू दे. वर संगीत घालू नकोस.

एक मात्र कर. शाळेच्या ग्रुप फोटोखाली आम्ही नावं लिहायचो तशी याची नावं तू स्वतः वाच. उभे, डावीकडून. प्रिन्सी लोपीस, मर्विन लोपीस, रायन लोपीस, प्लासिड लोपीस, मर्लिन परेरा. पुढे डेल्फिन लोपीस. रायनच्या नावाआधी थांबू नकोस आणि नंतरही थांबू नकोस. बाकीच्यांचं जसं वाचशील तसंच त्याचं वाच, स्वच्छ, मोठ्याने. ती फिल्म झाली की त्याला पाठव.

मला ऐकू येणार नाही. त्याला येईल.

तुझा,
प्लासिडकाका